पत्रकारितेच्या एम. ए.ला एक गाव हवं

(द्रोणागिरी येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपण ज्या शहरात बसलो आहोत ते जमिनीवर उभं राहण्याआधी कागदावर छापून आलं होतं. १९६५ साली मुंबईच्या ‘मार्ग’ या इंग्रजी नियतकालिकाने मुंबईच्या नियोजनावर खास अंक काढला. संपादक मुल्कराज आनंद. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी त्यात मांडलं की मुंबई उत्तरेला लांबवत नेण्यापेक्षा खाडीपलीकडे नवं शहर वसवावं. पाचच वर्षांनी, १७ मार्च १९७० रोजी, ते शहर, म्हणजे आजची नवी मुंबई, वसवायला सिडको स्थापन झाली. ९५ गावं आणि सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमीन या शहराच्या हद्दीत आली. त्यात जे नोड आखले गेले त्यातला एक द्रोणागिरी. तालुका उरण, पण पाहुण्यांना पत्ता सांगताना आपण ‘पनवेलच्या पुढे’ असंच म्हणतो.

कला आणि वास्तुकलेवरच्या एका नियतकालिकात आलेल्या लिखाणाचं पुढे शहर झालं. लिहिलेल्या शब्दाला किती वजन असतं याचा याहून मोठा पुरावा मला द्यायची गरज नाही. पण त्या शब्दांची दुसरी बाजूही याच मातीत आहे. १९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, भूसंपादनाच्या भावावरून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरणचे शेतकरी रस्त्यावर आले. जासई आणि पागोटे परिसरात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्याच्या रेट्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. आज इथल्या कित्येक इमारती त्या भूखंडांवर उभ्या आहेत आणि त्यातल्या भाडेकरूंना हा इतिहास माहीतही नाही. त्यांचा दोष नाही. त्यांना तो कुणी बातमीतून सांगितलाच नाही.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी पत्रकारितेचा कुठलाही कोर्स केला नव्हता. शाळा सुटली की नाक्यावरच्या वार्ताफलकावर ते खडूने लिहीत. मी तो फळा पाहिला आहे. वर तारीख, मग देशाची एक बातमी, राज्याची एक, आणि उरलेला सगळा फळा गावाचा. मोजणीवाले कधी येणार, कुणाच्या सर्व्हे नंबरला नोटीस लागली, पंचायतीच्या नळाला पाणी किती वाजता. आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात, ‘तलाठी कार्यालयातील नोटीस बोर्डावरून’. माहिती कुठून आली ते सांगायचं, हा या धंद्यातला पहिला धडा. तो देणारे वर्ग आता जागोजागी आहेत. तो पाळणारी किती पानं आहेत, हे तुम्हीच मोजा.

संयोजकांनी मला विषय दिला तो असा: पत्रकारितेत पदव्युत्तर शिक्षण घ्यावं का, घेतलं तर कसलं घ्यावं. इथली मुलं बीएमएम करतात, म्हणजे आता त्याला बीएएमएमसी म्हणतात, आणि मग घरात प्रश्न उभा राहतो. बाप जेएनपीटी बंदराच्या एखाद्या यार्डात कामाला असतो. त्याचा सवाल सरळ असतो: अजून दोन वर्षं घालून करणार काय?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. दोन वर्षं घालावीत, पण कॅमेरा धरायला शिकण्यासाठी नाही. ते मोबाईलवर शिकता येतं आणि इथली पोरं लग्नाच्या शूटिंगमध्ये ते आधीच शिकलेली असतात. ती दोन वर्षं एका विषयासाठी आणि एका जागेसाठी घालावीत. जो अभ्यासक्रम विद्यार्थ्याला जागा देत नाही तो पदवी देतो, पत्रकार देत नाही.

हे शिक्षण आलं कुठून ते थोडक्यात पाहू. पत्रकारितेची स्वतंत्र शाळा १९०८ साली अमेरिकेत मिसुरी विद्यापीठात निघाली. जोसेफ पुलित्झरच्या देणगीतून १९१२ मध्ये कोलंबिया विद्यापीठात दुसरी मोठी शाळा उघडली. आपल्याकडे १९४१ मध्ये लाहोरला पंजाब विद्यापीठात पी. पी. सिंग यांनी विभाग सुरू केला. महाराष्ट्रात पहिला मान नागपूरचा. तेव्हा नागपूर मध्य प्रदेशात होतं हे सोडा. १९५२ साली हिस्लॉप कॉलेजात रोलंड वूल्झली या अमेरिकन प्राध्यापकांच्या पुढाकाराने विभाग निघाला. पुण्यात १९६४ ला विद्यापीठाचा विभाग झाला, तोच फर्ग्युसन रस्त्यावरचा ‘रानडे’. दिल्लीची आयआयएमसी त्यानंतरच्या वर्षीची, तिचं एक केंद्र आता अमरावतीला आहे. मुंबईत विद्यापीठाचा विभाग आहे, झेवियर्स आहे, सोफिया आहे, देवनारला टिस आहे. २०२१ मध्ये ‘रानडे’ विद्यापीठाच्या आवारात हलवून दुसऱ्या विभागात विलीन करण्याची बातमी आली तेव्हा माजी विद्यार्थ्यांनी जोराचा विरोध केला. काहींना तो निव्वळ हळवेपणा वाटला. मला नाही वाटला. वर्गातून उठून चालत वृत्तपत्राच्या कचेरीत, मंडईत, सभेत जाता येणं हा त्या शिक्षणाचाच भाग होता.

आता एक योगायोग सांगतो. पुलित्झरची शाळा कोलंबियात उघडली १९१२ ला. पुढच्याच वर्षी त्याच विद्यापीठात बाबासाहेब आंबेडकर दाखल झाले. त्या शाळेत नाही गेले. अर्थशास्त्र घेतलं, जोडीला समाजशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र. आणि परत येऊन ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ काढलं. १९२७ च्या २० मार्चला महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, आणि ३ एप्रिलला ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक आला. महाड आपल्याच जिल्ह्यातलं. म्हणजे विषय कोलंबियात कमावला, जागा महाडला होती, आणि वृत्तपत्र त्या दोन्हींतून निघालं. अलिबागकडे चरीच्या शेतकऱ्यांचा संप १९३३ ला सुरू झाला, वर्षानुवर्षं चालला. त्याच काळात, १९३७ मध्ये, नारायण नागू पाटलांचं ‘कृषीवल’ आलं. यांच्यापैकी कुणी संज्ञापनाचे सिद्धांत पाठ केले नव्हते. त्यांना कुळकायदा, खोती, खंड, मक्ता हे मात्र पाठ होतं.

म्हणून मी सिद्धांतांच्या विरोधात आहे असं समजू नका. उलट. आमच्या विद्यार्थ्यांना अजेंडा सेटिंगचा सिद्धांत परीक्षेत हमखास येतो. मॅककोम्ब्स आणि शॉ, १९७२, दहा गुण. पण तो सिद्धांत आला कुठून, हे विचारलं की वर्ग गप्प. चॅपेल हिल नावाच्या अमेरिकेतल्या एका छोट्या विद्यापीठी गावातून आला. १९६८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत तिथल्या, मत ठरलेलं नव्हतं अशा, शंभर मतदारांना विचारलं: तुम्हाला कुठले प्रश्न महत्त्वाचे वाटतात? आणि त्या काळात पेपर आणि टीव्ही कुठले प्रश्न दाखवत होते, ते बाजूला मांडून पाहिलं. बस. शंभर माणसं! बोकडविरा, फुंडे आणि द्रोणागिरीचे दोन सेक्टर मिळून एका आठवड्यात होतील.

आणि हे आपल्याकडे झालं नव्हतं असंही नाही. १९५६ मध्ये आकाशवाणी आणि युनेस्कोने पुणे केंद्रावरून रेडिओ ग्रामीण मंचाचा प्रयोग केला. पुणे, नगर, नाशिक, कोल्हापूर, उत्तर सातारा या पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं. गावकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, त्यावर बोलायचं, प्रश्न केंद्राला पाठवायचे. टिसने त्याचं मूल्यमापन केलं, पॉल न्यूराथ त्याचे प्रमुख होते. जगभरच्या विकास-संज्ञापनाच्या पुस्तकांत हा प्रयोग आहे. आमची मुलं तो इंग्रजी पुस्तकातून, परदेशातली गोष्ट वाचावी तसा वाचतात. ती गावं आपल्या एसटीच्या वाटेवर आहेत हे त्यांच्या ध्यानातही येत नाही.

आता जरा जवळून एक कागद पाहू. हा भाग मी वर्गात शिकवत आलो आहे, त्यामुळे लांबला तर सांभाळून घ्या.

२७ फेब्रुवारी २०१५ रोजी राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने एक निकाल दिला. बंदराच्या विस्तारासाठी खाडीत झालेल्या भरावामुळे उरण-पनवेलच्या पारंपरिक मच्छीमारांची उपजीविका बुडाली, हा वाद होता. १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख २० हजार रुपये भरपाई द्यावी, ती जेएनपीटी, सिडको आणि ओएनजीसी यांनी मिळून द्यावी, असा तो निकाल. विद्यार्थ्यांना मी एवढी माहिती देतो आणि बातमी लिहायला सांगतो. बहुतेकांचं शीर्षक एकच येतं: ‘मच्छीमारांना ९५ कोटी’. मथळा वाईट नाही, पानावर बसतोही छान. मग मी म्हणतो, भागाकार करा. १,६३० ने भागलं की कुटुंबाला येतात ५ लाख ८४ हजार, वर एक रुपया उरत नाही. इतका नेमका आकडा सहसा येत नाही, तेव्हा तो कुठून तरी गुणाकार होऊन आलेला असणार. एका मुलीने फळ्यावर येऊन करून दाखवलं: ८०० गुणिले ७३०. दिवसाला ८०० रुपये धरले तर बरोबर दोन वर्षांची कमाई. भराव काही दोन वर्षांनी उठणार नव्हता.

इथे बातमी सुरू होते. ८०० रुपयांत डिझेल धरलंय का, जाळ्याचा खर्च धरलाय का? कुटुंब म्हणजे कोण? होडी ज्याच्या नावावर तो, की ओहोटीला चिखलात उतरून निवट्या, खुबे, कालवं काढणारी बाईसुद्धा? यादी कुणी केली, कुणाचं नाव राहिलं? पैसे खात्यात केव्हा आले? हे प्रश्न विचारायला लवादाचा निकाल मुळातून वाचावा लागतो. तो इंग्रजीत आहे, लांब आहे, आणि त्यात कलमांचे हवाले आहेत. हेच काम पदव्युत्तर वर्गाने शिकवायचं. बारावीनंतरच्या पोराला ते झेपणार नाही, आणि रोज चार बातम्या द्याव्या लागणाऱ्या वार्ताहराला त्यासाठी सवड नाही. दोन वर्षांची सवड हीच तर या पदवीची खरी किंमत आहे.

साडेबारा टक्क्यांचंही तसंच. शंभर गुंठे गेले तर साडेबारा गुंठे परत, असं बाहेरच्याला वाटतं. त्यातून सामाजिक सुविधांसाठी तीस टक्के वजा होतात, हाती येतात पावणेनऊ. हे इथल्या टपरीवर चहा पिणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे, मुंबईच्या डेस्कवर क्वचित कुणाला. आणि मग सातबारा. नमुना सातमध्ये मालकी, बारामध्ये पीकपाणी. हक्क संपला की नाव खोडत नाहीत, कंसात टाकतात, आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक असतो. तो क्रमांक घेऊन तलाठ्याकडे फेरफार नोंदवही मागायची. कंसातली नावं वाचत गेलात की एका गावाच्या पन्नास वर्षांच्या बातम्या मिळतात. पत्रकारितेच्या एम. ए.मध्ये सातबारा वाचायला शिकवणारा पेपर मी तरी कुठे पाहिला नाही. सोशल मीडिया मार्केटिंगचा पाहिला आहे.

पाणजेचं नाव घेतल्याशिवाय द्रोणागिरीत कुणाला बोलू देत नाहीत, म्हणून तेही घेतो. सिडकोच्या आराखड्यात तिथे सेक्टर आहेत, पर्यावरणवाद्यांच्या लेखी ती पाणथळ जागा आहे, गावकऱ्यांपैकी काहींना तिथे मासे हवेत आणि काहींना भूखंड. मुंबईहून कॅमेरा येतो तो फ्लेमिंगोंसाठी. पक्षी देखणे असतात, त्यात त्यांचा काय दोष! पण भरतीचं पाणी कुठल्या उघाडीतून येत होतं आणि ती केव्हा बंद झाली, हे सांगायला त्या बांधावर वर्षभर जाणारा माणूस लागतो.

तो माणूस आपल्याकडे आहे. तालुक्याचा वार्ताहर. त्याला गाव पाठ असतं, पोलीस पाटील आणि मंडळ अधिकारी नावाने ओळखतात. पण त्याला मानधन म्हणजे चेष्टा असते. वर्धापनदिनाच्या पुरवणीला जाहिराती आणायच्या आणि कमिशनवर घर चालवायचं. ज्याच्याकडून जाहिरात घ्यायची त्याच्याच विरोधात लिहायचं, हे कुणालाही अवघड. मग प्रेस नोट जशीच्या तशी लागते. श्रमिक पत्रकारांसाठी २०२५ पर्यंत १९५५ चा कायदा होता, मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये उचलून धरल्या, पण हा माणूस कुठल्याच हजेरीपटावर नसतो. आणि जो कमिशन सोडून लिहितो त्याचं काय होतं, तेही कोकणाने पाहिलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे गाडीखाली चिरडले गेले. रिफायनरीच्या प्रश्नावर ते सातत्याने लिहीत होते. खुनाचा गुन्हा दाखल झाला. जमीन हा विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याला मी हे आधी सांगतो. एकट्याने जाऊ नकोस, कागदाची प्रत दोन ठिकाणी ठेव, आणि कुठे चाललास ते कुणाला तरी सांगून जा. हेही अभ्यासक्रमात हवं.

म्हणजे एकाकडे गाव आहे, पद्धत नाही. दुसऱ्याकडे पद्धत आहे, गाव नाही. यांची गाठ घालायला आज चक्क सरकारी कागदावर जागा झाली आहे. २०२३-२४ पासून आपल्या विद्यापीठांत नव्या शैक्षणिक धोरणाची पदव्युत्तर रचना आली. पहिल्या वर्षी संशोधन पद्धतीचा चार क्रेडिटचा पेपर आणि चार क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग, दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प, आधी चार आणि मग सहा क्रेडिटचा. आता हे ऑन जॉब ट्रेनिंग बहुतेक ठिकाणी कसं होतं? एखाद्या चॅनेलात सकाळच्या बुलेटिनचे टिकर टाइप करायचे आणि शेवटी सहीशिक्क्याचं पत्र आणायचं. माझी सूचना अशी की विद्यार्थ्याला पहिल्याच सत्रात एक गाव द्यावं. ट्रेनिंगचे तास त्याने त्या तालुक्याच्या वार्ताहराबरोबर काढावेत, आणि त्या वार्ताहराला विद्यापीठाने मार्गदर्शक म्हणून रीतसर मानधन द्यावं. दोन्ही प्रकल्प त्याच गावावर. दोन वर्षांत वर्गातल्या प्रत्येक मुलाने एकेक गाव नीट वाचलं, तर दहा वर्षांत आपल्या ९५ गावांतली निम्मी तरी वाचून होतील. हे प्रबंध मराठीत लिहू द्यावेत. ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांना ते वाचता आले नाहीत, तर चुका कोण काढणार?

कुणी म्हणेल, आता यंत्रच बातम्या लिहितं, मग हा खटाटोप कशाला? खरं आहे, प्रेस नोटची बातमी यंत्र आमच्या उपसंपादकापेक्षा लवकर करतं. मुलाखत उतरवून देतं, भाषांतर करतं. मी स्वतः वापरतो. पण नोटीस बोर्डावरचा कागद कुणी काढून नेला, हे त्याला कळायला कुणीतरी तिथे जाऊन पाहिलेलं असावं लागतं.

पालकांना दोन शब्द. प्रवेश घेण्याआधी त्या विभागात जा. स्टुडिओ दाखवतील, तो बघा. मग ग्रंथालयात गेल्या पाच वर्षांतले प्रबंध मागा आणि त्यांचे विषय वाचा. सगळे ‘अमुक मालिकेचा युवकांवर होणारा परिणाम’ असतील तर पैसे वाचवा. शिकवणाऱ्यांपैकी कुणी गेल्या वर्षभरात स्वतः बातमी केली आहे का, तेही विचारा. आणि नोकरीचं म्हणाल तर खोटं आश्वासन देणार नाही. वर्तमानपत्रांत जागा कमी आहेत. पण ज्याला सातबारा, निविदा, लवादाचा निकाल आणि महापालिकेचं अंदाजपत्रक वाचता येतं, तो वकिलाकडे, संशोधन संस्थेत, संस्थेच्या जनसंपर्कात कुठेही उपाशी राहत नाही. जनसंपर्कात गेला तर आमच्यासाठी तो तोटाच, पण निदान प्रेस नोट तरी बरी लिहील.

समोर बसलेल्या विद्यार्थ्यांसाठी एक काम देतो आणि थांबतो. उरण शहराला पाणी रानसई धरणाचं येतं, द्रोणागिरी नोडला हेटवण्याचं. एकाच तालुक्यात, हाकेच्या अंतरावर, दोन धरणांचं पाणी आणि दोन यंत्रणा. मधल्या गावांना कुठलं येतं, दिवसाला किती, आणि टँकर कुठल्या महिन्यापासून लागतो? माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. अर्जात ‘का’ विचारू नका, ते उत्तर देत नाहीत. कागद मागा: पाणीपुरवठ्याची नोंदवही, टँकरची बिलं, लॉगबुक. तीस दिवसांत काही आलं नाही तर पहिलं अपील करा, त्याचा नमुना मी संयोजकांकडे ठेवून जातो.

आता तुमचे प्रश्न घेऊ. पहिला प्रश्न मागच्या रांगेतून यावा, पुढच्या रांगेतल्या मान्यवरांनी थोडं थांबावं.